बाईंचा अर्धा पेपर

चित्रकलेचे शिक्षक तयार करणाऱ्या त्या कॉलेजात ‘कलाशिक्षणाचा इतिहास’ असा एक पेपर होता आणि तो नवरा-बायको मिळून शिकवत. पहिला अर्धा सरांचा, दुसरा अर्धा बाईंचा.

सरांच्या अर्ध्यात राजेरजवाड्यांचे कारखाने यायचे, परदेशातल्या अकादम्या यायच्या, प्लॅस्टरचे पुतळे, मुक्तहस्तचित्राच्या परीक्षा, पहिला अभ्यासक्रम कुणी लिहिला आणि दुसऱ्याने तो का मोडला, असं सगळं सनावळीसकट यायचं. सर शिकवायचे मात्र छान. फळ्यावर हातानेच अशी सरळ रेघ ओढायचे की मुलं तोंडात बोट घालायची. पोरांनी त्यांचं नाव ‘मोजपट्टी’ ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

बाईंच्या अर्ध्यात सनावळ्या नव्हत्या. त्या वर्गात शिरल्या की आधी विचारायच्या, तुमच्या हातात पहिल्यांदा काहीतरी कुणी दिलं? खडू, सुई, चिखल, काहीही चालेल. कुणी दिलं, आणि देताना ते माणूस काय म्हणालं? मग सगळा वर्ग बोलायला लागायचा. कुणाची आत्या निघायची, कुणाचा आजोबा, कुणाच्या शेजारची मडकी घडवणारी म्हातारी. बाई म्हणायच्या, ही झाली तुमची पहिली शाळा. आता ती कुठल्या पुस्तकात सापडते का ते शोधा, आणि नसेल तर का नाही ते लिहा.

यावरून घरी वाद ठरलेला. सर म्हणायचे, “याला इतिहास म्हणत नाहीत. या गप्पा झाल्या.”

“तुमच्या इतिहासात आधी शाळेची इमारत बांधतात आणि मग माणूस शिकायला लागतो,” बाई म्हणायच्या. “इमारतीत ज्यांना घेतलंच नाही, ते काय अडाणी बसून होते इतकी वर्षं?”

“असं म्हटलं तर मग काय, भाजी चिरणंही कलाशिक्षणच.”

“नीट शिकवलं तर आहेच.”

सर हसून वर्तमानपत्र उघडायचे. बाईंचा अर्धा पेपर त्यांनी कधी मनावर घेतला नाही, पण कधी आड आलेही नाहीत. दोघांचे वर्ग शेजारी शेजारी होते, मधली भिंत एकच. सर पुतळ्याच्या नाकाचं प्रमाण समजावत असायचे आणि पलीकडून हशा ऐकू यायचा. सर जरा थांबायचे, कपाळाला आठी घालायचे आणि पुढे चालू करायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई गेल्या. आजार ना बिजार. दुपारी दोरीवरचे कपडे काढता काढता छातीत कसंतरी होतंय म्हणाल्या, पलंगावर टेकल्या, सर पाणी घेऊन येईपर्यंत मान कलंडली होती. घरात ही दोघंच. एक मुलगी झाली होती, तिला ठिपकी म्हणायचे, कारण कुठलंही चित्र काढताना ती आधी कागदावर एक ठिपका द्यायची आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. ती सहा वर्षांची असताना तापात गेली. त्यालाही फार वर्षं झाली होती. ती गेल्यावर सरांनी बायकोला सांगितलं होतं की तिचं जे काही आहे ते नजरेआड कर, मला ते सोसत नाही. बाईंनी केलं. त्यानंतर त्या घरात ठिपकीचं नाव निघालं नाही. सरांसमोर तरी नाही.

कॉलेज सुरू झालं तेव्हा विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं. हे विभागप्रमुख म्हणजे सरांचेच जुने विद्यार्थी, वागायला अदबशीर.

“सर, बाईंचा भाग यंदा कमी करावा म्हणतो,” ते म्हणाले. “शिकवणारं कुणी नाही. शिवाय बाईंनी लिहून काहीच ठेवलेलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. तुम्ही तुमचाच भाग जरा पसरवून घ्या.”

यात सरांच्या मनाविरुद्ध काही नव्हतं. उलट इतकी वर्षं ते हेच म्हणत आले होते. पण तोंडातून भलतंच निघालं.

“मी शिकवतो.”

“तुम्ही? सर, तुम्हीच तर म्हणायचात की या गप्पा आहेत.”

“म्हणायचो,” सर म्हणाले आणि उठले.

पटलं म्हणून ते हो म्हणाले नव्हते. बाईंच्या खुर्चीवरची उशी अजून तशीच होती, चष्म्याची डबी तशीच होती, त्यात हा पेपरही तसाच राहावा, एवढंच त्यांना वाटलं होतं.

शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात बाईंचं गाठोडं होतं. जुन्या चादरीत बांधलेलं. सरांनी ते पहिल्यांदाच वर्गात नेलं आणि टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. रात्रंदिवस वाचून त्यांनी तयारी केली होती. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘परंपरेतील कलाशिक्षण: व्याख्या आणि व्याप्ती’, खाली एक सरळ रेघ ओढली आणि व्याख्येपासून सुरुवात केली. पोरं आधी लिहून घेत होती, मग नुसती बघत होती, मग खिडकीबाहेर बघायला लागली.

वर्गात एक विद्यार्थिनी वयाने मोठी होती. दोन मुलांची आई. मागच्या वर्षी मुलाच्या आजारपणात परीक्षा बुडाली म्हणून पुन्हा त्याच वर्गात बसली होती. सगळे तिला ताई म्हणत. तिने हात वर केला.

“सर, रागावू नका. पण बाई आधी चित्र लावायच्या.”

“कुठलं चित्र?”

“लांब हाताचं. गाठोड्यातच असेल बघा.”

सरांनी गाठ सोडली. जाळ्याचा एक तुकडा निघाला, गोधडीचे दोन चौकोन, बोरूचा टाक, भाजलेल्या मातीचा एक गोळा ज्यावर लहान मुलाचा अंगठा उमटला होता. सगळ्यात खाली पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद होता. सरांनी तो न बघताच फळ्याच्या चिमट्यात अडकवला आणि मग दोन पावलं मागे सरून पाहिला.

कागद जुन्या प्रश्नपत्रिकेचा, पाठकोरा होता. त्यावर एक माणूस. धड वाटाण्याएवढं, पाय म्हणजे दोन काड्या, आणि उजवा हात मात्र कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला, पार टोकाच्या फळ्यापर्यंत. त्या माणसावर कुणीतरी लाल पेन्सिलीने पट्टी धरून रेघा मारल्या होत्या. उंचीचे सारखे भाग पाडले होते. हात जिथे संपायला हवा तिथे आडवी खूण केली होती. आणि कोपऱ्यात बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘हात = तीन डोकी.’

अक्षर सरांचं होतं.

ते परीक्षेच्या वह्या तपासत बसले होते तेव्हा ठिपकी हे चित्र घेऊन आली होती. “बाबा, हे तुम्ही. फळ्यावर लिहिताय.” हातात लाल पेन्सिल होतीच. सर तिच्यावर ओरडले नव्हते. उलट मांडीवर घेतलं होतं, कौतुकाने, आपल्याला येतं ते आपल्या लेकीलाही यावं म्हणून, आणि समजावलं होतं की माणसाचा हात त्याच्या डोक्याच्या तिप्पट असतो, त्याहून लांब नसतो. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं. “म्हणजे चुकलं?” तिने विचारलं. “थोडंसं,” सर म्हणाले. तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. “पण मग फळ्यापर्यंत पोचणार कसा?” यावर सर काय म्हणाले ते त्यांना आता आठवत नव्हतं. बहुतेक काहीच म्हणाले नसतील. वह्या तपासायच्या होत्या. त्याच आठवड्यात तिला ताप भरला.

वर्ग सरांच्या पाठीकडे बघत होता. सर वळले नाहीत.

“या चित्राबद्दल बाई काय सांगायच्या?” त्यांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं.

ताई उभी राहिली. “चित्र कुणाचं ते कधी सांगितलं नाही त्यांनी. विचारलं की म्हणायच्या, एका मुलीचं. मग म्हणायच्या, या कागदावर शिक्षक किती आहेत ते मोजा. आम्ही म्हटलं एक, लाल रेघांवाला. त्या म्हणाल्या, दोन. मुलगीही शिकवतेय, तिचं कुणी ऐकलं नाही इतकंच.”

“आणि लाल रेघांवाला?”

ताई जरा घुटमळली. “आमच्यातला एकजण म्हणाला, कसला दुष्ट मास्तर असेल. तेव्हा बाई चिडल्या, सर. वर्षभरात तेवढ्या एकदाच. म्हणाल्या, दुष्ट म्हणायचं काम नाही. त्याच्या बापाने लोकांच्या भिंतींना चुना लावण्यात जन्म घालवला. पोरगाही बादल्याच उचलणार होता. त्याला कुणीतरी मोजायला शिकवलं, तेही हातावर छड्या मारून, आणि त्या मोजण्यावर तो त्या बादल्यांतून सुटला. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, तेच त्याने पोरीला दिलं. आपल्या इतिहासात सगळ्यांना जागा आहे असं म्हणतो ना आपण, मग त्यालाही बसू द्या बाकावर.”

चुन्याच्या बादल्यांची गोष्ट सरांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती.

“आजचा तास इथे थांबवू,” सर म्हणाले. त्यांनी चिमट्यातून कागद काढला, गाठोड्यात ठेवला, गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. मग ते खाली मान घालून बाहेर पडले आणि पुतळ्यांच्या खोलीत जाऊन बसले. त्या खोलीत कुणी येत नसे. प्लॅस्टरची धूळ बसलेल्या स्टुलावर ते कितीतरी वेळ बसून होते. दरवर्षी, भिंतीच्या पलीकडे, ती या कागदासमोर उभी राहायची. दरवर्षी आपली बाजू घेऊन पोरांशी भांडायची. आणि संध्याकाळी घरी येऊन आपण म्हणायचो, या गप्पा आहेत. एकदा, फक्त एकदा, काहीतरी निमित्त काढून त्या वर्गात डोकावलो असतो तर. पण सरांना दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसणं शिस्तीत बसत नसे.

तिने का सांगितलं नाही, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. नजरेआड कर असं त्यांनीच सांगितलं होतं. तिने त्यांच्या नजरेआड केलं होतं, इतकंच.

पुढच्या तासाला त्यांनी व्याख्या पुसली. फळा कोरा ठेवला आणि बाईंचा प्रश्न विचारला. त्यांच्या तोंडी तो ओळखीचा वाटेना, पण पोरं बोलली. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरात माणसाचं, प्राण्याचं चित्र काढत नाहीत. आजोबा अक्षरं शिकवायचे. अक्षराचं पोट भर, नाहीतर ते उपाशी दिसतं, असं म्हणायचे. एकाचे वडील ट्रकच्या मागे नावं रंगवायचे. एकीच्या आईने तिला दगडी पाट्यावर ओल्या हाताचे ठसे उमटवायला शिकवलं होतं, वाळले की आपोआप जायचे, म्हणजे कुणाची बोलणी खायला नकोत. सर ऐकत होते. मध्येच एका मुलाने सांगितलं, मला कुणीच काही दिलं नाही, मी अनाथाश्रमात वाढलो. असं उत्तर आल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला विचारता येत नव्हतं. त्यांनी ताईकडे पाहिलं.

“असं कुणी म्हटलं की बाई त्याच्या बाकावर जाऊन बसायच्या,” ताई हळूच म्हणाली. “काही बोलायच्या नाहीत.”

सर गेले आणि त्या मुलाशेजारी बसले. बाक अरुंद होता. मुलाने थोडी जागा करून दिली.

दरवर्षी बाई वर्गाला खाडीवर न्यायच्या. तिथे जाळी विणणाऱ्या, फाटलेली जाळी सांधणाऱ्या बायका एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये बसत. सर तिकडे कधीच फिरकले नव्हते. यंदा वर्ग घेऊन ते गेले. शेडमध्ये दोरखंडाचा आणि मिठाचा वास होता. दोन्ही बाजूंना जाळ्यांचे ढीग आणि मधे पाय पसरून बसलेल्या बायका. सगळ्यांत म्हातारी होती तिला सगळ्या आजी म्हणत. पोरांना बघून तिचा चेहरा खुलला.

“आलात का. मला वाटलं यंदा विसरलात,” ती म्हणाली आणि पोरांच्या मागे बघायला लागली. “बाई कुठे राहिल्या? मागून येतायत का?”

सरांच्या लक्षात आलं की इथे कुणाला काही कळवलंच नाही. नातेवाइकांना कळवलं, कॉलेजात कळवलं, दूधवाल्यालाही सांगितलं. इथे कळवायचं असतं हे माहीतच नव्हतं.

“बाई गेल्या,” ते म्हणाले. “सुट्टीत गेल्या. मी त्यांचा नवरा.”

शेडमधले हात थांबले. कोपऱ्यातल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. आजी मात्र हलली नाही. तिने सरांकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

“म्हणजे तुम्ही ठिपकीचे बाबा,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्यांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी मान हलवली.

“तुम्हाला ती कशी माहीत?” शेवटी त्यांनी विचारलं.

“बाईंनीच सांगितलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा पोरंबिरं नव्हती सोबत. एकट्याच. इथे आल्या आणि त्या तिथे, ढिगावर बसल्या. कोण, कुठल्या, कशाला आल्या, काही नाही. नुसतं डोळ्यांना पाणी. मला वाटलं नवऱ्याने मारलं बिरलं असेल. विचारलं तर म्हणाल्या, मुलगी गेली. घरी बोलता येत नाही. घरी बोललं तर तो माणूस मोडून पडेल.”

सर ऐकत होते. पोरंही ऐकत होती.

“मग रोज यायला लागल्या. मी म्हटलं, बसलीच आहेस तर हात चालव. दिली सुई हातात.”

मागून ताईने विचारलं, सवयीने, बाईंनीच लावलेल्या सवयीने, “सुई देताना तुम्ही काय म्हणालात, आजी?”

“काय म्हणणार? म्हटलं, गाठ घट्ट ओढ. रडताना सैल पडते.” आजीने दोरा दाताने तोडला. “मला माहीत होतं ना. माझा थोरला समुद्रावर गेला तो आलाच नाही. त्या वर्षी मी विणलेली जाळी सगळी उसवली होती.”

सरांना वाटायचं की बाईंनी तो अर्धा पेपर कुठल्यातरी परिसंवादात ऐकून आणला, कुठल्यातरी नव्या वाऱ्याला लागून. आज कळलं, तो या ढिगावर सुरू झाला होता. आपल्याला जे ऐकवत नव्हतं ते ती इथे येऊन बोलली होती, आणि मग इथून दारोदार गेली होती, अक्षरं काढणाऱ्यांकडे, गोधड्या शिवणाऱ्यांकडे, विचारत की तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं. आणि आपण तिला म्हणत होतो, यात सनावळ्या कुठे आहेत.

ते तिथेच, वर्गासमोर, जाळ्याच्या ढिगावर बसले आणि रडले. आवाज न करता रडायला गेले, पण ते जमलं नाही. पोरं अवघडून उभी राहिली. बायकांनी त्यांची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने आजीने फाटक्या जाळ्याचं एक टोक त्यांच्या मांडीवर टाकलं आणि लाकडी सुई पुढे केली.

सरांनी सुई घेतली. फळ्यावर हाताने सरळ रेघ ओढणारा तो हात. त्यांनी मारलेल्या गाठी एक घट्ट, एक सैल, जाळ्याचा एक डोळा लहान, एक मोठा. आजी बघत होती.

“बाईंपेक्षा वाईट,” ती म्हणाली. “बाईही वाईटच होत्या म्हणा. इतकी वर्षं येऊन एक वीतभर धड नाही विणलं. पण गप्पा काय मारायच्या.”

शेडमध्ये कुणीतरी हसलं. सरही हसले, डोळे तसेच ओले.

परतताना पोरं पुढे गेली. ताई सरांच्या बरोबरीने चालत राहिली. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, “सर, ते चित्र ठिपकीचं ना?”

“हो.”

“आणि रेघा?”

“माझ्या.”

स्टॉपवर पोचल्यावर ताईने सरांच्या हातातलं गाठोडं आपल्याकडे घेतलं, आणि बस येईपर्यंत ते पोटाशी धरून उभी राहिली.

त्या वर्षी सरांनी बाईंचा अर्धा पेपर शेवटपर्यंत शिकवला. बाईंसारखा नाही जमला. पण वर्गातून हशा ऐकू यायला लागला, आणि पलीकडच्या वर्गातले तरुण प्राध्यापक कपाळाला आठी घालून थांबायला लागले.

वर्ष संपताना अभ्यासक्रम बदलायची बैठक झाली. नव्या आराखड्यात बाईंच्या अर्ध्याच्या जागी एक ओळ उरली होती: ‘लोककला: थोडक्यात ओळख.’ सर बोलायला उभे राहिले. त्यांना बोलायची सवय होती, पण भांडायची नव्हती. बाईंची वाक्यं त्यांना एकामागून एक आठवत होती आणि तोंडातून अर्धीमुर्धी निघत होती. इमारत आधी आणि माणूस नंतर, असं काहीतरी ते बोलले. लोकांनी मान देऊन ऐकून घेतलं. त्या टेबलाभोवतीचे बहुतेकजण त्यांच्याच हाताखालून गेलेले.

“सर,” विभागप्रमुख अगदी मायेने म्हणाले, “पण याला सनावळ्या नाहीत, लेखी पुरावा नाही. परीक्षेत विचारायचं काय आणि गुण द्यायचे कशाला? हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो ना.”

सर उभेच होते. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. चांगली मुलं होती. मन लावून शिकलेली. सांगितलेलं एकही अक्षर न विसरलेली. सर खाली बसले. हात वर झाले, मोजले गेले, आणि बाईंचा अर्धा पेपर गेला.

सर निवृत्त झाल्यावर घर खायला उठायचं. मग ते खाडीवर जायला लागले. काही शिकायचं म्हणून नव्हे, शिकवायचं म्हणून तर नव्हेच. शेडमध्ये जाऊन बसायचे, दोऱ्याची गुंडी धरायचे, सुई भरून द्यायचे. तिथे त्यांना सगळ्या ‘ठिपकीचे बाबा’च म्हणत. तिथे ठिपकीबद्दल बोलता येत असे. तिचा ताप, तिचे ठिपके, ती झोपेत काय बडबडायची ते. सरांना बोलायला लागल्यावर कळलं की आपल्याला कितीतरी आठवतंय. जिच्याशी हे बोलायला हवं होतं ती याच ढिगावर बसून एकटी बोलून गेली होती.

पुढे आजी विसरायला लागली. आधी सुई कुठे ठेवली ते, मग घरी जायची वाट. मग एक दिवस सर आत शिरले तेव्हा तिने त्यांच्या मागे बघत विचारलं, “बाई कुठे राहिल्या? मागून येतायत का?”

सरांनी तिच्याजवळ बसून सांगितलं, आजी, बाई गेल्या. आजीने तो दिवस सगळा रडण्यात घालवला, जणू आत्ताच ऐकलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं. सरांनी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली. तिच्याबरोबर सरांनाही दर वेळी पहिल्यापासून सगळं सोसावं लागलं. शेडमधल्या बाकीच्या बायका म्हणाल्या, “कशाला सांगता, ठिपकीचे बाबा? तिला कुठे लक्षात राहतंय.”

“खोटं कसं बोलू?” सर म्हणाले. आयुष्यभर त्यांनी कुणाला चूक ते बरोबर असं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी ते गेले तेव्हा आजी फार खुशीत होती. नवं जाळं सुरू केलं होतं. तिने शेजारी हात आपटून बसायला जागा दाखवली आणि ढिगाचा पलीकडचा भाग नीट सपाट केला, आणखी एका माणसाला बसता यावं असा.

“बाई आज नाही आल्या?”

सरांनी दोऱ्याची गुंडी हातात घेतली. थोडा दोरा सोडवला. शेडमधल्या बायका मान खाली घालून विणत होत्या.

“आज जमलं नाही त्यांना,” सर म्हणाले. “पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्यात.”

“बरं,” आजी म्हणाली. “त्यांना सांगा, मागचं काम अर्धंच ठेवलंय. मी हात लावलेला नाही.”

“सांगतो,” सर म्हणाले.